हरकत आहे का कुणाची?

बसा.

सतरंजी जुनी आहे. कडेला उसवली आहे. तिच्याखालची शाळेच्या पटांगणातली माती अजून गार आहे. तासाभराने ती तापेल. आत्ता तळहात टेकवून पाहा.

1 मे. झेंडावंदन होऊन गेलं आहे. मुलं गोळ्या चघळत पांगली आहेत. कडुनिंबाची सावली शाळेच्या भिंतीपासून सतरंजीच्या मध्यापर्यंत आली आहे, आणि लोक सावलीच्या हिशोबाने बसले आहेत.

एक श्वास घ्या. पूर्ण. सोडा.

आज ग्रामसभा आहे. आर्थिक वर्षातली पहिली. 1958 चा ग्रामपंचायत कायदा सांगतो, की या पहिल्या सभेत पंचायतीने गेल्या वर्षाचा हिशोब गावापुढे ठेवायचा, कारभाराचा अहवाल ठेवायचा, लेखापरीक्षणाचे शेरे ठेवायचे, आणि चालू वर्षात काय करणार ते सांगायचं. गावापुढे, म्हणजे मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकापुढे.

ते सगळं वाचून झालं की एक प्रश्न विचारला जाईल. प्रश्नानंतर थोडी शांतता होईल. फार थोडी.

त्या शांततेत बसायला आपण आलो आहोत.

अजून वेळ आहे. आधी आजूबाजूला पाहा.

टेबलामागे सरपंच. शेजारी ग्रामसेवक. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. टेबलावर प्रोसिडिंगचं पुस्तक, उपस्थितीचं रजिस्टर, शाईचा पॅड. कागद उडू नयेत म्हणून एका कोपऱ्यावर खडा ठेवला आहे.

पुढे पांढऱ्या टोप्या. मागे पोरं, गाड्यांना टेकून, अर्धी सभेत आणि अर्धी रस्त्यावर. भिंतीच्या कडेने बायका. त्यांची वेगळी सभा या सभेच्या आधी व्हावी असं कायद्यात आहे, म्हणजे त्यांचं बोलणं आज इथे पोहोचलेलं असायला हवं. पोहोचलं आहे का, ते त्यांच्या चेहऱ्यावर शोधू नका. नुसतं पाहा.

कुणाबद्दल काही ठरवू नका.

रजिस्टर फिरत आहे. ते एका आजींपाशी येतं. शिपाई पॅड पुढे करतो. आजी अंगठा शाईवर टेकवतात, मग कागदावर. दाबतात. हलकेच उचलतात. मग तोच अंगठा पदराखाली नेऊन केसांना पुसतात.

त्या अंगठ्याजवळ थांबा.

कागदावर ओली, निळी रेषांची वर्तुळं उमटली आहेत. ती आता सुकत आहेत.

गावातल्या एकूण मतदारांच्या 15 टक्के, किंवा 100, यातला जो आकडा लहान असेल तेवढी माणसं जमली की सभा भरते. नाही जमली तर ती तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा बोलावली की मग गणपूर्तीची अट राहत नाही. तेव्हा जी मोजकी माणसं येतील, ती साऱ्या गावाचा खर्च ठरवू शकतात.

मला या नियमापाशी नेहमी रेंगाळावंसं वाटतं. सभा भरण्याइतकी माणसं आज आली आहेत. त्यांतल्या एक या आजी आहेत. अजून त्या एक शब्दही बोललेल्या नाहीत. त्यांचं बसणं मोजलं गेलं आहे.

तुमचंही.

पाठ सैल सोडा. खांदे खाली येऊ द्या.

भाऊसाहेब उभे राहतात. माइकवर दोनदा टिचकी मारतात. नमुना क्रमांक 1. पंचायतीचं दप्तर 1 ते 33 नमुन्यांत बांधलेलं असतं, आणि त्यातला पहिलाच हा, अंदाजपत्रकाचा.

ऐका.

आरंभीची शिल्लक. घरपट्टी. पाणीपट्टी. दिवाबत्ती कर. आठवडी बाजार. व्याज. शासनाचं अनुदान.

आवाज एका सुरात चालला आहे. आकडे येतात आणि जातात. काही हजार, काही लाख, आणि शेवटी पैशांपर्यंत. मन भरकटेल. भरकटू द्या. लिंबाच्या फांदीवर साळुंक्या भांडत आहेत, तिकडे जाईल. घरी भात कुकरमध्ये लावून आलात, तिकडे जाईल. संध्याकाळी लग्नाला जायचं आहे, तिकडे जाईल.

जिथे गेलं असेल तिथून हळूच आवाजावर परत या.

जमेची बाजू संपली. आता खर्चाची.

कर्मचारी पगार. मोटार दुरुस्ती. टीसीएल पावडर.

इथे थांबा.

भाऊसाहेब पुढे वाचत आहेत. त्यांना वाचू द्या. आपण या एका ओळीत उतरू.

टीसीएल पावडर. पाणी शुद्ध करायला टाकायची पांढरी भुकटी. गावाच्या अंदाजपत्रकात ही ओळ फार लहान असते. कुणी तिच्यावर बोलत नाही.

डोळे मिटा, जमलं तर.

पहाट आहे. पाण्याच्या टाकीखाली पाणीपुरवठ्याचा माणूस बादली घेऊन उभा आहे. एक हजार लिटरला पाच ग्रॅम. टाकी पन्नास हजार लिटरची असेल तर अडीचशे ग्रॅम, पावशेर. त्याने थैली उघडली. वास नाकात शिरतो, डोळे चुरचुरतात. तो तोंड जरा बाजूला करतो.

भुकटीत तो थोडंसं पाणी घालतो. आधी कालवतो. मग बादली भरतो, काठीने ढवळतो.

आणि थांबतो.

भुकटीतला चुना तळाशी बसायला हवा. पाणी गढूळ आहे. तो काही करत नाही. बादलीशेजारी उभा राहतो. पूर्वेला थोडं उजाडत आहे. कुणाच्या तरी गोठ्यात धार काढत आहेत, चरवीत पडणारा आवाज ऐकू येतो.

हळूहळू वरचं पाणी निवळतं.

ती निवळी घेऊन तो टाकीची शिडी चढतो. लोखंडाच्या पायऱ्यांवर त्याची पावलं ऐका. झाकण सरकतं. निवळी आत ओतली जाते. खालचा चुना खालीच राहिला आहे. आता पुन्हा थांबायचं. निदान अर्धा तास. पाण्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. त्याआधी वॉल सोडला तर भुकटी टाकूनही न टाकल्यासारखी होते.

अर्धा तास तो शिडीखाली बसतो.

तुम्हीही बसा. दोन श्वास. तीन.

मग वॉल फिरतो. पाणी निघतं. वरच्या आळीला, पेठेला, देवळाच्या मागे, आणि सगळ्यात शेवटी पार टोकाच्या वस्तीत. तपासायचं ते तिथलं पाणी. शेवटच्या नळाचं. एका छोट्या नळीत ते घेतात, त्यात ओटी नावाच्या द्रावणाचे थेंब टाकतात, आणि नळी उजेडात धरतात.

पाहा.

पिवळं झालं तर औषध इथवर पोहोचलं. पिवळं झालं नाही, तर कुठेतरी कमी पडलं.

पावसाळ्यात या पिवळेपणावर घरातल्या लेकराची तब्येत ठरते. हगवण, कावीळ, गॅस्ट्रो. सगळं त्या नळीत आहे. आणि ती नळी भाऊसाहेबांनी आत्ता वाचलेल्या एका ओळीत आहे. ओळ तर केव्हाच वाचून झाली.

डोळे उघडा.

सभा तिथेच आहे. सावली थोडी सरकली आहे. कडेला बसलेल्या एकाने जागा बदलली.

दिवाबत्ती. गटार सफाई. अंगणवाडीची दुरुस्ती. स्टेशनरी. सादिलवार. या ओळी जाऊ द्या. प्रत्येक ओळीच्या आत कुणीतरी पहाटे उठलेलं आहे, एवढं असू द्या मनात.

आता तीन आकडे येतील. ते कानांत घ्या.

मागासवर्गीयांसाठी 15 टक्के.

श्वास.

महिला आणि बालकल्याणासाठी 10 टक्के.

श्वास.

दिव्यांगांसाठी 5 टक्के.

पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून हा वाटा बाजूला काढायचा असतो, आणि तो त्याच कामावर लागायला हवा. आकडे वाचले जातात. सतरंजीवर नजर फिरवा. ज्यांच्यासाठी हे 5 टक्के आहेत, त्यांतलं आज कोण इथे आहे? पटांगणात यायला फाटकापाशी एक पायरी आहे. तुम्ही ती चढून आलात. आठवते का?

ती पायरी मनात आणा. तिची उंची. तिची तुटलेली कड. तिच्यापुढे चाकाची खुर्ची थांबली आहे.

उत्तर शोधू नका. पायरीपुढे तुम्हीही थोडं थांबा.

मग वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या आयोगाने 2021 ते 2026 या वर्षांसाठी त्यातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, उरलेला 40 टक्के गावाच्या गरजेवर सोडला. बंधित आणि अबंधित. हे शब्द सभेत सगळ्यांना पाठ आहेत.

एकूण खर्च. अखेरची शिल्लक.

भाऊसाहेब कागद खाली ठेवतात. खडा पुन्हा कोपऱ्यावर.

आता प्रश्न येतो.

“हरकत आहे का कुणाची?”

ऐकू येतंय? प्रश्न संपला आहे आणि उत्तर अजून यायचं आहे. या दोहोंच्या मधली जागा. हीच ती.

एरवी इथे एक श्वासही मावत नाही. पुढच्या रांगेतून “मंजूर, मंजूर” येतं, कुणी टाळी वाजवतं, पेन चालू लागतं. मी अशा पुष्कळ सभा पाहिल्या आहेत. त्या “मंजूर” म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. ऊन चढलेलं असतं, कामं पडलेली असतात. पण भिंतीकडच्या बाईला उठायला लागतो तेवढा वेळ त्या एका श्वासात बसत नाही. आधी पदर सावरायचा असतो. शेजारणीकडे एकदा पाहायचं असतं. शब्द जुळवायचे असतात. सासरे पुढच्या रांगेत बसलेत, त्यांच्या पाठीकडे एकदा नजर जाते. एवढं सगळं व्हायला वेळ लागतो, आणि मला मनापासून वाटतं, की गावाकडे तो आहे. पटांगणात कुठे गाडी पकडायची आहे?

आज हा श्वास आपण लांबवू.

सरपंच गप्प आहेत. भाऊसाहेबांचं पेन उघडं आहे, पण कागदाला टेकलेलं नाही.

आत घ्या. बाहेर सोडा.

आता जरा दूर जाऊ. गडचिरोली जिल्हा. धानोरा तालुका. मेंढा लेखा नावाचं गोंड आदिवासींचं लहानसं गाव. भोवती बांबूचं जंगल. तिथली माणसं अशीच जमिनीवर बसली आहेत. तिथे बहुमताने ठरत नाही. सगळ्यांना पटेल तेव्हा ठरतं. एकाला पटलं नाही तर विषय थांबतो. पुढच्या सभेपर्यंत थांबतो. तिथवर बोलणं चालू राहतं, घराच्या अंगणात, रानात, अभ्यासगटात.

त्या गावाची घोषणा तुम्ही ऐकली असेल. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. पण घोषणेपेक्षा त्यांचं ते थांबणं पाहा. कुणीतरी “मला पटत नाही” म्हणतं, आणि त्यावर कुणी उसासा टाकत नाही. कुणी घड्याळ पाहत नाही.

2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. त्या दोन तारखांच्या मागे कितीतरी वर्षांचं असं बसणं आहे.

त्यांच्याबरोबर थोडं बसा. बांबूच्या पानांचा आवाज येतो. कुणी बोलत नाही, आणि ते न बोलणं अवघड वाटत नाही.

परत या. आपल्या पटांगणात.

प्रश्न अजून हवेत आहे. हरकत आहे का कुणाची?

आता हा प्रश्न तुमच्याकडे येऊ द्या. आत.

तुमच्या अंगात तो कुठे उतरतो, पाहा. काहींच्या घशात काहीतरी अडकतं. काहींचं पोट ओढलं जातं. काहींचे पाय आखडतात. काहीच होत नसेल, तर तेही पाहा.

गेल्या वर्षी तुमच्या गल्लीतला दिवा किती रात्री बंद होता? मोटार दुरुस्तीचा आकडा वाचला गेला, तेव्हा तुम्हाला कोणती मोटार आठवली? तुम्हाला काहीतरी माहीत आहे. कागदात ते नाही.

ते वर येऊ द्या. लगेच बोलू नका. सजवू नका. भुकटी खाली बसू द्या.

काय निवळलं?

एका ओळीत सांगता येईल एवढंच ठेवा.

तुम्ही ते सांगाल का, हे आत्ता ठरवायची गरज नाही. बाजूला कुणी हललं का पाहा.

भिंतीकडे बांगड्यांचा आवाज होतो.

हात वर होतो आहे. हळू. आधी कोपर, मग मनगट. बांगड्या खाली घसरतात. तळवा अर्धाच उघडलेला आहे. हात खांद्याच्या वर जातो, थोडा थरथरतो, आणि तिथे राहतो.

या हाताकडे पाहा. नाव विचारू नका, घर विचारू नका.

सकाळी या हाताने भाकरी थापली आहे. बोटांच्या पेरांना पिठाचा पांढरा कण राहिला आहे. नखांत भाजीचा हिरवा रंग. हात वर धरून ठेवणं जड असतं. तुम्हीही तुमचा उचलून पाहा. खांद्याला कळतं. दंडाला कळतं. पाच-सहा श्वासांत तो खाली यायला बघतो.

तिचा आलेला नाही.

सरपंच म्हणतात, “बोला ताई.”

ती उठते. माइक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कुणीतरी वायर ओढतं. ती म्हणते, “आमच्या वस्तीत पाणी येतं तेव्हा त्याला औषधाचा वास नसतो.”

एवढंच.

ती बसते. पदर पुन्हा सावरते.

हे वाक्य पटांगणात आहे. त्याच्यावर लगेच कुणी बोलू नये, असं मला वाटतं. ती शेवटच्या नळाबद्दल बोलली आहे. तिने नळी उजेडात धरली नाही, द्रावण टाकलं नाही. तिने रोज पाणी भरलं आहे आणि रोज वास घेतला आहे. टीसीएलची ओळ आता सगळ्यांना पुन्हा आठवते. भाऊसाहेब कागद उचलतात, बोटाने ती शोधतात. खर्चाच्या बाजूला, वरून तिसरी.

बोट तिथे थांबतं.

पाणीपुरवठ्याचा माणूस मागे लिंबाच्या खोडाला टेकून उभा आहे. सगळे त्याच्याकडे वळून पाहतात. त्याच्याकडे पाहताना डोळे मऊ ठेवा. तो पहाटे उठतो. तो म्हणतो, “दादा, टोकाला जाईस्तोवर राहत नाही. पाईप मधे दोन ठिकाणी गळतोय. मी मागच्या दिवाळीत सांगितलं होतं.”

पुन्हा शांतता.

ही आधीची शांतता राहिलेली नाही. हिच्यात पाईप आहे, दिवाळी आहे, टोकाची वस्ती आहे. हिच्यात बसा. अवघडलं तरी बसा.

श्वास आत. श्वास बाहेर.

सरपंच विचारतात, “बंधितमधून होईल का, भाऊसाहेब?”

“होईल. आराखड्यात घ्यावं लागेल. ठराव लागेल.”

“सूचक कोण?”

कुणीच बोलत नाही. मग मघाच्या आजी, अंगठ्यावर अजून फिकी शाई असलेल्या, म्हणतात, “तिचंच घाला की नाव. तीच बोलली.”

पेन कागदाला टेकतं. निबाचा बारीक आवाज ऐका. सूचक म्हणून एक नाव लिहिलं जातं. अनुमोदक म्हणून दुसरं. ते दुसरं नाव पाणीपुरवठ्याच्या माणसाच्या चुलत्याचं आहे. ठरावाखाली ओळ मारली जाते. लांबचा पाईप, दोन ठिकाणची गळती, आणि दर आठवड्याला टोकाच्या नळाची ओटी तपासणी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायची.

“हरकत आहे का कुणाची?”

आता या प्रश्नाबरोबर तुमचा श्वास आपोआप लांबतो का, पाहा.

पोरांपैकी एकजण विचारतो, फळ्यावर कोण लिहिणार? भाऊसाहेब म्हणतात, तू लिही. तो हो म्हणतो.

हात वर होतात. पुढचे, मागचे, भिंतीकडचे. वाटलं तर तुमचाही. नाही वाटलं तर मांडीवरच राहू द्या. तोही इथेच मोजला जाईल.

भाऊसाहेब हात मोजतात. बोटाने, रांगेरांगेने, ओठ हलवत. मधेच चुकतात. पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मोजू द्या.

ठराव लिहून होतो. पान उलटतं.

विषय क्रमांक पाच. स्मशानभूमीचा रस्ता.

भाऊसाहेबांनी अजून वाचायला सुरुवात केलेली नाही, तोच गाडीला टेकून उभा असलेला एकजण चप्पल काढून सतरंजीवर येतो. “भाऊसाहेब,” तो म्हणतो, “वाचायच्या आधी मला त्या ओढ्यावरच्या नळीचं सांगायचंय.”